मजकुराच्या पलीकडचे पुस्तक

एखाद्या मराठी कादंबरीची जुनी आवृत्ती आपण ग्रंथालयातून मागवतो. ती हाती येते तेव्हा तिच्यावर बहुधा जाड पुठ्ठ्याची नवी बांधणी असते. मूळ मुखपृष्ठ बांधणीच्या वेळीच गेलेले असते. पुष्कळदा मागच्या जाहिरातीही त्याच्याबरोबर गेलेल्या असतात. आम्हां साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्याचे फारसे दुःख होत नाही. संहिता शाबूत आहे ना, एवढे आम्ही पाहतो. पुस्तक ही पाहण्याचीही वस्तू आहे, तिलाही इतिहास आहे, हे आमच्या अभ्यासक्रमात कुठे आलेच नाही.

पाश्चात्य देशांत या इतिहासाची स्वतंत्र शाखा झाली. झुरिकचे ग्राफिक डिझायनर योझेफ म्युलर-ब्रोकमन यांनी १९७१ मध्ये दृक्-संवादाचा इतिहास सिद्ध केला. १९८३ मध्ये अमेरिकेतील अध्यापक फिलिप मेग्ज यांचा ‘अ हिस्टरी ऑफ ग्राफिक डिझाइन’ हा बृहद्‍ग्रंथ आला आणि पुढे कलाशाळांचे ते पाठ्यपुस्तकच झाले. मेग्ज यांची कथा गुहाचित्रांपासून निघते, चीनमधील कागद आणि मुद्रण यांची दखल घेते. पण गटेनबर्गनंतर तिचा ओघ मुख्यतः युरोप-अमेरिकेतूनच वाहतो. १९९१ मध्ये मार्था स्कॉटफर्ड यांनी अशा पाच ग्रंथांतील चित्रांची मोजदाद केली. कोणाची चित्रे किती वेळा आली, किती मोठी छापली, रंगीत की कृष्णधवल, असा तो हिशेब होता. त्यातून पुढे आलेली मोजकी नावे सगळी पुरुषांची होती. इतिहासकाराने कोणताही निकष उघड न सांगता, केवळ चित्रांच्या आकारातून थोरवी ठरत गेली होती. वाङ्मयेतिहासातील पृष्ठसंख्येचे राजकारण ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे नवे वाटणार नाही.

मग आपल्याकडे काय? म्युलर-ब्रोकमन यांचा ग्रंथ निघाला त्याच १९७१ साली मुंबईत भाषा संचालनालयाने बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा ग्रंथ तीन खंडांत प्रसिद्ध केला. त्याआधी, १९५८ मध्ये, अ. का. प्रियोळकरांचा ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ मराठी संशोधन मंडळाने काढला होता. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, त्याच्या चारशे वर्षांचे ते निमित्त. दोघे लेखक मराठी, पण हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत. दोन्हींच्या शीर्षकांत ‘डिझाइन’ हा शब्द नाही. कदाचित म्हणूनच ते आमच्याकडे मुद्रणाच्या कपाटात राहिले. आमचे म्हणणे असे, की आपल्या दृश्य संस्कृतीच्या इतिहासाची पहिली प्रकरणे याच ग्रंथांत आहेत आणि ती साहित्याच्या माणसांनी वाचायला हवीत.

या इतिहासाचा नायक कोणी चित्रकार नाही. आपली लिपीच त्याच्या केंद्रस्थानी आहे. मधल्या पट्टीत अक्षर, वर मात्रा-वेलांट्या-अनुस्वार, खाली उकार, शिवाय जोडाक्षरे. रोमन लिपीचे काम शे-दीडशे खिळ्यांत भागते, तिथे देवनागरीला कित्येक शे खिळे लागत. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत. मराठी अक्षरांचे खिळे तेव्हा नव्हते. श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरीत निघाले, तर १८१० च्या कोशात मराठी शब्द मोडीत छापले गेले. मराठीचा छापील चेहरा कोणता, हेच अजून ठरायचे होते.

तो ठरला मुंबईत. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. सोवळेओवळे सांभाळण्यासाठी त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप घातले, असे सांगतात. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळ्यांना सुबक वळण दिले. त्याच छापखान्यात पोरवयात खिळे घासण्याचे काम केलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये स्वतःचा टाईप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ उभा केला. त्या छापखान्यातील संस्कृत ग्रंथांची पाने आजही शुद्ध आणि देखण्या मुद्रणाचा मानदंड मानली जातात. सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अि, अी, अु’ ही बाराखडीसुद्धा खिळ्यांच्या या अडचणीशी जोडूनच वाचावी लागते. जुन्या पुस्तकांत ती भेटली, की आम्ही तिला लेखनातील लकब समजून पुढे जातो.

या ग्रंथांनाही मर्यादा आहेत. ते अक्षरापाशी, छापखान्यापाशी थांबतात. मुखपृष्ठे, मासिकांची मांडणी, जाहिराती, नाटकांच्या जाहिरातफलकांवरील अक्षरे यांचा विचार हा त्यांचा विषय नव्हे. तो पुढच्यांनी करायचा होता. अरुण कोलटकर जाहिरातीच्या जगातले नाणावलेले ग्राफिक डिझायनर होते; पण कवितेच्या तासाला हा तपशील चरित्राच्या एका ओळीत संपतो. र. कृ. जोशी (१९३६–२००८) जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक होते, पवईच्या आयआयटीत शिक्षक होते, अक्षरांच्या दृश्य रूपातून कविता करणारे कवीही होते. विंडोजबरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांच्या हातचा. मराठीची एक पिढी संगणकाच्या पडद्यावर पहिल्यांदा वाचू लागली ती बहुतांशी त्याच अक्षरात. या दोघांना वाङ्मयेतिहासात एक खण आणि कलेतिहासात दुसरा खण देऊन भागणार नाही. कारण त्यांच्यापुरता तो एकच व्यवहार होता.

असा एकत्र इतिहास लिहायचा तर पुरावा लागेल, आणि तो आपल्याच कपाटांतून रोज थोडाथोडा नाहीसा होतो आहे. नव्या आवृत्तीसाठी मजकूर पुन्हा जुळवला जातो, जुनी प्रत रद्दीत जाते, उरलेली बांधणीवाल्याकडे. संशोधनाच्या टिपांत आम्ही आवृत्ती आणि पृष्ठांक काटेकोरपणे देतो. त्याबरोबर मुखपृष्ठ कोणाचे, छापखाना कोणता, अक्षर कोणत्या वळणाचे, एवढे नोंदवण्याची शिस्त तरी आम्ही अध्यापक-विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. आणि पुढच्या वेळी ग्रंथपालांकडे पुस्तक बांधणीला निघालेले दिसले, तर मुखपृष्ठ आत ठेवूनच बांधा, असे सांगावे. त्याला खर्च फारसा येत नाही.