शाळेनंतर काय? विशेष मुलांच्या पालकांसाठी माहिती



अमेरिकेत विशेष मुलांना शाळेत शिक्षणाचा कायदेशीर हक्क असतो. नेहमीचा हायस्कूल डिप्लोमा घेतला, किंवा वयोमर्यादा (बहुतेक राज्यांत २१ ते २२) संपली, की तो हक्क संपतो. पुढच्या सेवांसाठी स्वतः अर्ज करून पात्रता सिद्ध करावी लागते. म्हणून सर्व संस्थांना शाळा चालू असतानाच एकत्र आणायला हवे.

शाळा: 'आयडिया' कायद्यानुसार १६व्या वर्षापर्यंत मुलाच्या आयईपीमध्ये शाळेनंतरची योजना यावी लागते. काही राज्यांत ती १४व्या वर्षीच सुरू होते. पालकांच्या संमतीने शाळा बाहेरच्या संस्थांनाही मीटिंगला बोलावते. ठरलेली सेवा त्या संस्थेने दिली नाही, तर शाळेने पुन्हा मीटिंग घेऊन दुसरा मार्ग शोधायचा असतो.

व्होकेशनल रिहॅबिलिटेशन: हे राज्याचे खाते नोकरीसाठी मदत करते. २०१४च्या कायद्याने त्याच्या केंद्रीय निधीतील किमान १५ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या नोकरीपूर्व तयारीसाठी राखून ठेवली आहे.

सोशल सिक्युरिटी: १८ वर्षांनंतर एसएसआयसाठी पालकांचे उत्पन्न धरत नाहीत. आधी नकार आला असला तरी पुन्हा अर्ज करावा.

राज्याचे विकलांग सेवा खाते: अनेक राज्यांत प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची असते. नाव आजच नोंदवा.

आपल्यापैकी अनेकांसाठी महत्त्वाचे: शाळेचा हक्क व्हिसावर अवलंबून नाही. एसएसआय मात्र एच-४ वरील मुलांना मिळत नाही, आणि २१व्या वर्षी एच-४ही संपतो. वकिलाचा सल्ला वेळेत घ्या.

पुढच्या आयईपी मीटिंगआधी शाळेला एवढेच विचारा, असे आम्ही सुचवतो: "या वेळी बाहेरून कोणाला बोलावले आहे?"