महापालिकेतला चरित्रकार

1950 साल. तुम्ही मुंबईत बोरीबंदरला उभे आहात. संध्याकाळ झाली आहे, महापालिकेच्या कचेरीतून कारकुनांची रांग बाहेर पडते आहे, समोरून ट्राम खडखडत चालली आहे. त्या गर्दीतल्या सदतीस वर्षांच्या गृहस्थांकडे नीट पाहा. ते धनंजय कीर, मूळचे रत्नागिरीचे. त्यांच्या गावी सावरकर तेरा वर्षं स्थानबद्ध होते. 1931 मध्ये तिथं पतितपावन मंदिर सर्वांना खुलं झालं, तेव्हा कीर सतरा वर्षांचे होते.

नोकरी सांभाळून त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं सावरकरांचं चरित्र यंदाच बाहेर पडलं आहे. तुम्ही सावरकरांचं नाव जरा मोठ्यानं घेऊन बघा, शेजारचा माणूस चमकून वळेल. गांधीहत्येला अजून तीन वर्षंही झालेली नाहीत. हत्येनंतर महाराष्ट्रात जळालेली घरं लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. त्या हत्येच्या खटल्यात लाल किल्ल्यातल्या न्यायालयानं सावरकरांना गेल्या वर्षी निर्दोष सोडलं, तरी माणसं त्यांचं नाव दबकतच घेतात.

आता चार वर्षं पुढं या. 1954. तोच कारकून, नवा ग्रंथ: डॉ. आंबेडकरांचं चरित्र. मनुस्मृती जाळणारे, हिंदू म्हणून मरणार नाही असं येवल्यात जाहीर करणारे बाबासाहेब अजून हयात आहेत. मंत्रिपद सोडून त्यांना तीन वर्षं होत आली. 1952 ला मुंबईत ते हरले आणि यंदा भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही. असा माणूस आज तुमच्या हातातलं पुस्तक स्वतः उघडून चूक दाखवू शकतो. हयात नायकाचं चरित्र लिहिण्यातली जोखीम ती हीच, आणि कीरांनी ती दोनदा पत्करली. एकाच्या अनुयायांना दुसऱ्याचं नाव खपत नव्हतं, तरीही.

कीर तटस्थ होते असं मी म्हणणार नाही. नायकावरचा त्यांचा जीव पानोपानी दिसतो, काही ठिकाणी तो पारख झाकतो. पण तारखा, भाषणं, ठराव त्यांनी कष्टानं गोळा केले. पुढं टिळक, फुले, गांधी, शाहू महाराज यांचीही चरित्रं लिहिली. 1971 मध्ये पद्मभूषण मिळालं.

आजच्या काळात परतल्यावर त्यांची सावरकर आणि आंबेडकरांवरची दोन्ही पुस्तकं मिळवा. ज्याचे विचार तुम्हाला पटत नाहीत, त्याचं चरित्र आधी वाचा.