कुमाईत घोडीचे दात

रेणापूरच्या आमच्या वाड्यात ओसरीच्या भिंतीला दोन लोखंडी कड्या होत्या. सुट्टीत आम्ही पोरं त्यांना लोंबकळायचो आणि आजोबा ओरडायचे, "सोडा रं, भिंत खाली ईल." त्या घोड्याच्या कड्या आहेत, हे मला बरंच उशिरा कळलं. तोवर वाड्यात घोडं काय, खोगीरही उरलं नव्हतं. उरली होती ती एक गोष्ट, आणि तीही दोन तोंडांची.

आमच्या भागात घोडं फक्त देशमुखाच्या दारातच असायचं असं नाही. मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, जवळच. तिथं निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ साली कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी फौजेत विलीन झालं, पण आजोबा सांगायचे, छावणीतले नालबंद, साईस, सालोत्री लगेच कुठं जाणार? गावोगाव हिंडून पोट भरायचे. सालोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. अश्ववैद्यक लिहिणाऱ्या शालिहोत्राचं नाव असं झिजत झिजत दख्खनी बोलीत येऊन थांबलं.

आणि घोडं घ्यायचं तर माळेगाव. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची जत्रा सुरू होते, तिथला घोडेबाजार अजूनही भरतो. सौदा रुमालाखाली बोटं दाबून. विकणारा हेडी बोटं दाबतो, घेणारा मान हलवतो, बघणाऱ्याला आकडा कळत नाही. हेड्यांबद्दल आजोबांचं मत फार वाईट होतं. म्हातारं घोडं तरुण दिसावं म्हणून दात कानशीनं घासून त्यांवर काळे खड्डे डागायचे, पांढरे केस रंगवायचे, अफू चारायचे. बाजारात कान टवकारून नाचणारं घोडं तिसऱ्या दिवशी गोठ्यात मान टाकून उभं.

तर ती गोष्ट. गावातल्या एका मोठ्या घरी कुमाईत, म्हणजे तांबूस रंगाची, घोडी होती. दसऱ्याला सीमोल्लंघन करून परतताना माळावर चार घोडी पळायची, पैजा लागायच्या. ही कायम तिसरी. सलग तीन वर्षं तिसरी. मालक वैतागला, माळेगावला नेऊन फुंकून टाकली. घेतली एका टांगेवाल्यानं. पुढच्या दसऱ्याला तो टांगेवाला तिला घेऊन मुद्दाम माळावर आला आणि घोडी पहिली आली. तीही अशी, की दुसरं घोडं मागं कुठं राहिलं ते दिसेना.

गावानं एका रात्रीत निकाल दिला: अफू. दुसरं काय असणार?

आजोबांचं उत्तर वेगळं होतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सालोत्रीनं तिचं तोंड उघडून दाखवलं होतं. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. चावताना दाढा पूर्ण झिजत नाहीत, वरच्यांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते. गाल, जीभ कापली जाते. लगाम ओढला की कळ. हरभऱ्याची चंदी अर्धवट चावून खाली पडते, अंगी लागत नाही. टांगेवाल्यानं पहिल्याच आठवड्यात दाढा कानसून घेतल्या होत्या. "घोडी तीच, तोंड नवं," आजोबा म्हणायचे.

मला ही गोष्ट पुढं फार उपयोगी पडली. शर्यतीच्या जगात ट्रेनर बदलला आणि घोडं एकदम उसळलं की सगळे नव्या ट्रेनरकडे बोट दाखवतात. कधी ते बोट बरोबर निघतं. अमेरिकेत होर्हे नवारो नावाचा ट्रेनर दुसऱ्याकडची मंद घोडी घेऊन त्यांना पळवायचा. लोक त्याला 'ज्यूस मॅन' म्हणायचे आणि तो ते नाव बुटावर मिरवायचा. २०१९ साली दुबईत मोठी शर्यत जिंकलेलं त्याचं एक्स वाय जेट २०२० च्या जानेवारीत मेलं. मार्चमध्ये नवारोला अटक झाली, पुढं त्यानं कबुली दिली आणि २०२१ च्या डिसेंबरात पाच वर्षांची शिक्षा झाली. पण सगळंच काही महागड्या औषधांवर चालत नाही. काही तबेल्यांत शर्यतीच्या सकाळी घोड्याच्या नाकातून नळी घालून पोटात सोडा-साखरेचं पाणी सोडायचे. खायचा सोडाच, भज्यांत घालतो तो. स्नायूंत साचणारं आम्ल मारलं जातं, दमायला वेळ लागतो. म्हणून आता शर्यतीआधी रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजतात.

मात्र एक साधी गोष्ट पैज लावणारा विसरतो. जनावर हात बदलतं ते बहुधा त्याच्या पडत्या काळात. चांगलं पळणारं कोण विकतो? तळाला गेलेलं काहीच न करताही थोडं वर येणारच, आणि श्रेय किंवा शिव्या नव्या माणसाला. म्हणून मी तरी उसळी किती उंच हे बघत नाही, किती शर्यती टिकते ते बघतो. टांगेवाल्याची घोडी म्हणे पुढची चार वर्षं पळत होती. अफूवर कोणी चार वर्षं पळत नाही.

इथंच ही गोष्ट संपली असती. एका संध्याकाळी आजोबा पाहुण्यांना दातांचं पुराण सांगत होते आणि आजी शेंगा फोडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "दाताचं काय घेऊन बसलाव तुमी? आदीचा बसणारा लगाम वढून धरायचा."

आजोबा गप्प.

रेसकोर्सवर हा जुनाच धंदा आहे. घोड्याच्या आधीच्या कामगिरीवरून त्याच्या पाठीवर किती वजन द्यायचं ते ठरतं. दोन-चार शर्यती दाबून पळवलं की वजन उतरतं, भाव चढतो, आणि मग एका दिवशी लगाम सैल. अशा वेळी संशय नव्या हातावर येतो, खोट मात्र जुन्या हाताची असते. पण आजीनं हैदराबादचं मलकपेट रेसकोर्स कधी पाहिलेलं नव्हतं. रेणापूरच्या रेणुकेच्या देवळापलीकडं ती फार तर माहेरी गेलेली.

"तुला कसं गं ठाऊक?" मी विचारलं.

"बसणारा माझा भाऊ होता," ती म्हणाली. "तीन दसरे त्यानं मला चांदी आणली. पैल्या साली जोडवी, मग वाळे, मग ही साखळी." तिनं कमरेला हात लावून दाखवलं. "घोडी इकली अन् चांदी बंद झाली."

आणि तिनं सूप उचलून टरफलं पाखडायला घेतली.