वाकांडाची भाषा

टांगेवाला घोड्याला हाकताना गालाच्या कडेने एक आवाज काढतो, तो जरा आठवून पाहा. जीभ दाढांना चिकटवायची आणि झटक्याने सोडायची. आता दुसरा आवाज. कुणाचे वाईट झाल्याचे कानी आले की आपण 'च्च् च्च्' करतो ना, तो. आपल्याकडे हे आवाज शब्दांत शिरत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील खोसा भाषेत मात्र ती चक्क व्यंजने आहेत. त्या भाषेच्या नावाचे पहिले अक्षरच टांगेवाल्याच्या आवाजाचे. आपण 'खोसा' लिहितो ते नाइलाजाने. नेल्सन मंडेला यांची ही मातृभाषा. २०११ च्या शिरगणतीत ८० लाखांहून अधिक लोकांनी ती आपली म्हणून सांगितली.

या भाषेची आजची गोष्ट निघते ती अमेरिकेतल्या पोरांच्या चित्रकथांतून. अचाट शक्तीच्या वीरांच्या या चित्रकथांना १९३८ साली सुपरमॅनपासून भर आला. वीर सारे गोरे. काळा माणूस आलाच तर बहुधा नोकर, नाही तर हसण्यापुरता. १९६६ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोघांनी 'ब्लॅक पँथर' आणला. हा टचाला नावाचा राजा. त्याचा वाकांडा देश आफ्रिकेतला, पण कल्पनेतला. तिथे गोऱ्यांचे राज्य कधी आलेच नाही, आणि यंत्रविद्येत तो देश जगाच्या पुढे. मोठी धीट कल्पना होती ती! पण हा राजा पडद्यावर यायला ५० वर्षे लागली. मध्ये १९९८ साली वेस्ली स्नाइप्स यांचा 'ब्लेड' आला, चाललाही. परंतु त्याच्यामागे कुठला देश नव्हता, भाषा नव्हती.

२०१६ च्या 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर' या चित्रपटात टचाला झाले चॅडविक बोसमन, आणि त्यांचे वडील झाले दक्षिण आफ्रिकेचे नट जॉन कानी. हे कानी साधे गृहस्थ नव्हेत. वर्णभेदाच्या राज्यात त्यांनी रंगभूमीवरून त्या राज्याचे वाभाडे काढले; १९७५ साली न्यूयॉर्कला त्यांना व विन्स्टन न्त्शोना यांना मिळून टोनी पारितोषिक मिळाले, आणि १९७६ साली घरच्या बाजूला नाटक केल्याबद्दल दोघांना अटकही झाली. अशा माणसाच्या हाती राजाचा संवाद आला, तोही इंग्रजीत. बाप-लेकांनी आपसात खोसात बोलावे, असे त्यांनी सुचवले. दिग्दर्शकांनी मान्य केले. बोसमन अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिनातले; त्यांनी ते आवाज बसून घोकले. इतकेच घडले, बरं का. पण त्या चार वाक्यांनी कल्पनेतल्या देशाला खरी भाषा मिळाली.

पुढे २०१८ साली रायन कूगलर यांनी 'ब्लॅक पँथर' चित्रपट केला तेव्हा वाकांडाची भाषा खोसाच राहिली. बहुतेक संवाद इंग्रजीत होते, हे खरे. त्या इंग्रजीलाही आफ्रिकी वळण हवे, असा बोसमन यांचा आग्रह होता. प्रेक्षकांना ते झेपेल का, अशी चित्रपटवाल्यांना धास्ती होती. चित्रपटाने जगभर १३० कोटी डॉलरांवर धंदा केला, तेव्हा ती धास्ती गेली. तीन ऑस्कर मिळाले. त्यांपैकी वेषभूषेचे रूथ कार्टर यांना आणि देखाव्यांचे हॅना बीचलर यांना. त्या त्या शाखेत हा मान मिळवणाऱ्या या पहिल्याच कृष्णवर्णीय व्यक्ती. तरुण वयातला राजा झाला होता कानींचाच मुलगा, अटांड्वा.

आता एक खोट सांगितलीच पाहिजे. चित्रपटात वाकांडा आहे पूर्व आफ्रिकेत आणि खोसा आहे दक्षिणेची. शिवाय घोंगड्या लेसोथोच्या, राजमातेची टोपी झुलूंची. गुजरातेतल्या राजाने तमिळ बोलावे आणि फेटा कोल्हापुरी बांधावा, तसे हे झाले. आफ्रिका म्हणजे एकच गाव, ही जुनी चूक इथे प्रेमाने पुन्हा झाली, असे कुणी म्हटले तर ते खोडता येणार नाही. तरीसुद्धा मला वाटते, बनावट बडबडीपेक्षा चुकीच्या जागी ठेवलेली खरी भाषा बरी. ती ज्यांची आहे त्यांना निदान ओळखता येते, आणि हक्काने चूकही काढता येते.

बोसमन २०२० च्या ऑगस्टमध्ये ४३ व्या वर्षी कर्करोगाने गेले. दुसरा भाग २०२२ साली त्यांच्यावाचून निघाला. त्यात समुद्रातळीचे एक राज्य आहे. तिथली माणसे मेक्सिकोतल्या युकातानची माया भाषा बोलतात.