संगणक संशोधकांची संस्था कशी उभी राहते? मुंबई ते खोडद

२८ फेब्रुवारीला जुन्नर तालुक्यातल्या खोडदचं विज्ञान प्रदर्शन बघायला गेला असाल, तर जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या डिश पाहिल्याच असतील. (तिथे मोबाइल बंद ठेवायचा. त्याच्या रेडिओ लहरींपुढे आकाशातून येणारा क्षीण सिग्नल दबून जातो.) पण अर्धी करामत कॉम्प्युटरची आहे. ३० डिशचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने एका जागी येतात आणि प्रत्येक डिशची बाकी सगळ्यांशी जोडी लावली जाते. जोड्या होतात ४३५! हा हिशेब आता जीपीयू करतात. होय, गेमिंग लॅपटॉपमध्ये असतो तोच प्रकार.

समजा, अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या किंवा मंचर-नारायणगावच्या मुलांना वाटलं, की अशा कामासाठी जुन्नर-आंबेगावची स्वतःची अभ्याससंस्था हवी. नाहीतर दुर्बीण आपल्या शिवारात आणि आपण वर्षातून एकदा प्रेक्षक! मग सुरुवात कुठून करायची?

आधी कुणी केली?

जीएमआरटी ज्या टीआयएफआरची, त्याच मुंबईच्या संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने टिफ्रॅक हा कॉम्प्युटर बनवला. तो १९६० मध्ये सुरू झाला. त्याची मेमरी ४० बिटचे २,०४८ शब्द, म्हणजे जेमतेम १० केबी. तुमच्या फोनमधला साधा फोटोही त्यात मावणार नाही. १९६४ मध्ये तिथे अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं आणि बाहेरच्या संस्थांतले संशोधकही त्यावर काम करू लागले. तेव्हा प्रोग्रॅम पंचकार्डांच्या गठ्ठ्यात असायचा. गूगल नव्हतं, यूट्यूब नव्हतं. अडलं तर शेजारच्याला विचारायचं.

त्याच वर्षी देशातल्या कॉम्प्युटर वापरणाऱ्यांचा एक गट जमला आणि १९६५ मध्ये त्यातून कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. पहिले अध्यक्ष नरसिंहनच. क्रम लक्षात घ्या: आधी यंत्र, मग ते वापरणारी माणसं, आणि सगळ्यात शेवटी लेटरहेड.

आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. आधी लोगो, मग व्हॉट्सॲप ग्रुप, मग अध्यक्ष कोण यावरून रुसवे.

नोंदणीचं काय?

ती त्यामानाने सोपी आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात. संस्थेचं नाव, उद्देश आणि कार्यकारी मंडळाची नावं असलेला करारनामा, सोबत नियमावली. महाराष्ट्रात हे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे असतं. नंतर हिशेब ठेवा, दरवर्षी कार्यकारी मंडळाची यादी द्या. खरी कटकट ही, आणि ती दरवर्षीची.

म्हणून माझं मत विचाराल तर पहिलं वर्षभर नोंदणीच्या भानगडीत पडूच नका. महिन्यातून एकदा भेटा. एकाने एक शोधनिबंध वाचून मराठीत समजावायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडायचं. विषय घरचाच आहे: जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या टीजीएसएस या आकाश-पाहणीच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या आहेत. त्या साध्या लॅपटॉपवर उघडतात. एक आकाशगंगा निवडा, आणि प्रतिमेतला कुठला ठिपका खरा, कुठला नुसता गोंगाट, हे ओळखणारा छोटा प्रोग्रॅम लिहून बघा. पहिल्या बैठकीला एवढं पुरे.