रजेची पात्रता आणि यंत्रमाग कामगार : कबनूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आजारपण, बाळंतपण किंवा वृद्धांची शुश्रूषा नोकरीचे स्वरूप पाहून येत नाही. रजा मात्र ते पाहूनच मिळते. हातकणंगले तालुक्यातील, इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूर या यंत्रमागांच्या गावात ही विसंगती विशेष जाणवते. प्रस्तुत निबंधात रजेच्या पात्रतेचे निकष कसे घडले याचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने हा धंदा वाढला व पुढे आसपासच्या गावांत पसरला. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकास पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मातेची विश्रांती राष्ट्रहिताची असून तिचा भार शासनानेही उचलावा, असे प्रतिपादन केले. १९२९ मध्ये कायदा झाला. तथापि, इचलकरंजी ही कोल्हापूर संस्थानाची मांडलिक जहागीर असल्याने ती या प्रांतिक कायद्याच्या कक्षेबाहेर होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

पात्रतेचे निकष

स्वातंत्र्योत्तर कायद्यांनी दोन प्रमुख कसोट्या लावल्या. पहिली कामगारसंख्येची. कारखाना अधिनियम, १९४८ नुसार वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान १० कामगार आवश्यक होते. दुसरी कामाच्या दिवसांची. वार्षिक भरपगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस काम अपेक्षित होते. प्रसूतिलाभ अधिनियम, १९६१ मधील १६० दिवसांची अट १९८८ च्या दुरुस्तीने ८० वर आली, तर २०१७ मध्ये रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली. दोन अपत्ये हयात असल्यास मात्र ती १२ आठवडेच राहिली. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाच्या लाभासाठी सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत ७८ दिवसांचे अंशदान लागते. घरातील आजारी माणसाच्या शुश्रूषेसाठी कारखाना कामगाराला स्वतंत्र रजेचा हक्क कायद्याने दिलेला नाही.

यंत्रमागावरील वास्तव

विकेंद्रित यंत्रमाग धंद्यात मोजक्या मागांचे छोटे कारखाने आणि खर्चीवाले यांचे प्रमाण मोठे आहे. मजुरी मीटरवर वा पिकावर ठरते. त्यामुळे माग थांबला की मजुरी थांबते. हजेरीपट नसेल, तर वर्षानुवर्षे काम करूनही दिवस सिद्ध करता येत नाहीत. घरी कांडी भरणाऱ्या स्त्रीचे श्रम तर कोणत्याच पटावर येत नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी वार्षिक रजेची अट २४० वरून १८० दिवसांवर आणली. परंतु व्यावसायिक सुरक्षा संहितेत वीज वापरणाऱ्या कारखान्याची मर्यादा २० कामगारांची आहे. प्रसूतिलाभाची ८० दिवसांची अट कायम आहे. दिवसांची अट सैल झाली, तरी १० पेक्षा कमी कामगार असलेल्या लहान कारखान्यातील कामगार भरपगारी वार्षिक रजेच्या उंबरठ्याबाहेरच राहतो.

निष्कर्ष

१९२८ मध्ये प्रश्न मातेच्या गरजेचा होता. कायद्यात तो संख्या व दिवसांचा झाला. मालकावरील प्रत्यक्ष भाराऐवजी अंशदानावर आधारलेली विमा पद्धत लहान धंद्यास अधिक पेलवणारी आहे. मात्र तिचा लाभ कबनूरच्या मागावरील कामगारापर्यंत पोहोचण्यासाठी त्याचे नाव प्रथम हजेरीपटावर येणे आवश्यक आहे. रजेच्या हक्काची सुरुवात तेथूनच होते.