वर्गांतून अंगणांत

‘अंगणवाडी’ हा शब्द आज खेड्यापाड्यांत इतका रुळला आहे कीं, तो कोणी तरी, एखाद्या अडचणींत सांपडून घडविला असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. त्या अडचणीची हकीकत आज सांगावयाची आहे. ती खरोखर मूल जेथें शिकावयास बसतें त्या जागेची हकीकत आहे.

जुन्या पंतोजींच्या शाळेंत जागेचा असा वेगळा विचार नव्हताच. ओसरी असो कीं देवळाचा सभामंडप असो, मुलांनीं धुळपाटीवर अक्षरें गिरवावीं, पावकी-निमकी एका सुरांत घोकावी आणि चुकेल त्यानें छडी खावी. पुढें सरकारी शाळा आल्या, बांकें आलीं, भिंतीवर नकाशे आले. छडी मात्र आपल्या जागीं राहिली. सर्व दोष पंतोजींच्या माथीं मारून मोकळें होणें सोपें आहे. पण मुलाला शाळेंत घालतांना त्याच्या पाठीवरचा हक्क आईबापच गुरुजींच्या स्वाधीन करीत, हें विसरून चालणार नाहीं.

या समजुतीला धक्का देणारा एक प्रयोग दूर रोम शहरांत झाला. तेथील सान लोरेंझो या मजुरांच्या वस्तींत ६ जानेवारी १९०७ रोजीं डॉ. मारिया माँटेसरी यांनीं एक बालगृह उघडलें. आईबाप कामावर गेले कीं मुलें चाळींतून मोकाट हिंडत व भिंती खराब करीत. त्यांना कोठें तरी गुंतवावें, एवढाच घरमालकांचा हेतु होता. बाईंनीं त्या संधीचें सोनें केलें. जड बांकें त्यांनीं वर्ज्य केलीं आणि मुलांस स्वतः उचलतां येतील अशा हलक्या खुर्च्या, हात पोहोंचेल अशीं बुटकीं कपाटें करविलीं. खुर्ची हलकी कां, याचें त्यांनीं दिलेलें कारण मोठें मार्मिक आहे. मूल वेंधळेपणानें वागलें तर हलकी खुर्ची आवाज करून पडते आणि तो आवाजच मुलाला त्याची चूक दाखवितो. शिक्षिकेला रागावण्याचें प्रयोजन उरत नाहीं. उपदेशाचें काम त्यांनीं सामानाकडे सोंपविलें होतें.

हा विचार आपल्याकडे बऱ्याच अंशीं भावनगरमार्गें आला. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची चिंता वाहतां वाहतां ते माँटेसरीबाईंच्या ग्रंथांकडे वळले, वकिली सोडून १९१६ मध्यें दक्षिणामूर्ति संस्थेंत आले आणि १९२० मध्यें त्यांनीं तेथें बालमंदिर काढलें. गुजरातेंत लोक त्यांना कौतुकानें ‘मिशाळ आई’ म्हणत. १९२३ मध्यें ताराबाई मोडक त्यांस येऊन मिळाल्या. १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ निघाला. आणि १९३६ मध्यें ताराबाईंनीं दादरला शिशुविहार सुरू केला. येथवर सारें सुरळीत चाललें.

खरी परीक्षा १९४५ मध्यें झाली. ताराबाई त्या वर्षीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासमवेत होत्या. बालवाडी मांडली, पण गरिबांच्या वस्तींतील मुलें तिकडे फिरकेनात. आईबाप पहाटेंच मजुरीस जात. मुलास न्हाऊ घालून, केंस विंचरून शाळेंत पोंचविणार कोण? शिवाय तो काळहि ध्यानांत घ्यावा. त्याच सुमारास उंबरगांव-डहाणू भागांत वेठीविरुद्ध वारल्यांचा उठाव चालू होता. पांढऱ्या कपड्यांतील परका माणूस दारांत आला म्हणजे तो सावकाराचा, ठेकेदाराचा किंवा पोलिसाचा असणार, असाच त्यांच्या पिढ्यांचा अनुभव. अशा घरांतील मुलापुढें कितीहि सुबक खुर्ची ठेवली, तरी तें तिच्यावर येऊन बसणार कसें?

तेव्हां या दोघींनीं शाळाच उचलली आणि ती मुलांच्या अंगणांत नेली. अंगणांत भरणारी ती अंगणवाडी. जेथें मूल रोज खेळतें, जेथें त्याची आजी दाराशीं बसलेली दिसते, तेथें तें बुजत नाहीं. नखें काढणें, अंघोळ घालणें, केंस विंचरणें हाच पहिला पाठ ठरला. मला तर हा पाठ अक्षरांहून मोठा वाटतो. कारण परक्या हाताचा स्पर्श मारासाठीं नसतो, हें मुलाला त्यांतून कळे. महागड्या साधनांच्या जागीं शिंपले, बिया, खडे, पानें आलीं. मोजण्यास शिंपले कांहीं वाईट नव्हेत, आणि ते हरवले तरी कोणी ओरडत नाहीं.

पुढें १९५० नंतरच्या दशकांत हें काम डोंगराळ कोसबाडला गेलें, आणि तेथें अंगणहि अपुरें पडलें. वारल्यांचे पाडे विखुरलेले; मोठी मुलें गुरांमागें रानांत आणि मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरीं. गुराख्यांसाठीं मग शिक्षक कुरणांत जाऊं लागले. तिला कुरणशाळा म्हणत. मुलींसाठीं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणलीं; ती विकासवाडी. कडेवरचें मूल शेजारींच सुखरूप निजलें आहे हें दिसल्याखेरीज त्या मुलीचें चित्त पाटीवर ठरणार नाहीं, एवढी साधी गोष्ट ही. परंतु ती शाळेच्या नकाशांत उतरविण्यास दोन हट्टी स्त्रिया लागल्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना देशांतील ३३ गटांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव दिलें. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी अशा सहा सेवांत शाळापूर्व शिक्षण ही एक. उपाशी मुलाला आधीं आहार हवा, हें खरेंच. पण शब्द दिल्लीस पोंचला आणि अंगण बरेंच मागें राहिलें, असें माझें मत आहे. ताराबाई १९७३ मध्येंच निवर्तल्या होत्या. अनुताईंनीं मात्र तो शब्द देशभर पसरलेला पाहिला, आणि १९९२ मध्यें देह ठेवीपर्यंत कोसबाडची टेकडी सोडली नाहीं.